कुरिअरने आलेली गिटार: खोका लगेच उघडावा की थांबावं?

नवी_तार

स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार कुरिअरने येते आहे. बॉडीवर नायट्रोसेल्युलोज लॅकर (लाकडावरचा चकचकीत थर, म्हणजे फिनिश), आत हार्ड केस, बाहेर जाड पुठ्ठ्याचा खोका. वाटेत दोन रात्री थंड गोदामात आणि ट्रकमध्ये जातील, तिथे ५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असेल. खोली २४-२५ अंशांवर असते. कुणी म्हणतं २४ तास हात लावू नका, कुणी म्हणतं ही नुसती काळजी आहे, उघडा आणि वाजवा. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नेमकं किती थांबायचं? तोवर तारा सैल करायच्या का? आणि माल तुटलेला निघाला तर विक्रेत्याला लगेच कळवावं लागतं, मग न उघडता थांबायचं कसं?

रंधा

नायट्रो फिनिश आणि २० अंशांचा फरक, म्हणजे थांबायलाच हवं. कारण लक्षात आलं की किती थांबायचं हेही ठरवता येतं.

तापमान बदललं की लाकूड आणि लॅकर सारखं हलत नाहीत. रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने लाकूड तापमानामुळे जवळजवळ हलतच नाही. लॅकर त्याच्या कितीतरी पट आकसतं आणि फुलतं. गारठ्यात लॅकर आकसलं पण खालचं लाकूड तितकं आकसलं नाही, की लॅकरचा थर ताणलेला राहतो. शिवाय गार लॅकर ठिसूळ असतं. अशा अवस्थेत झाकण उघडून उबदार हवा आत घेतली, की वरचा थर काही मिनिटांत गरम होतो, खालचं लाकूड अजून गारच असतं, आणि आधीच ताणलेल्या थरात केसासारख्या बारीक भेगा पडतात. कधी कधी टिचल्याचा आवाजही येतो. यालाच फिनिश चेकिंग म्हणतात. या रेषा बरेचदा लाकडाच्या रेषांना आडव्या जातात आणि एकदा पडल्या की पुसून जात नाहीत. लॅकर जितकं जुनं आणि जाड, तितका धोका जास्त, कारण त्याला लवचिक ठेवणारे घटक वर्षानुवर्षं उडून जात असतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ट्रकमध्येच तापमान फार खाली गेलं असेल तर भेगा तिथेच पडलेल्या असू शकतात. थांबून त्या भरत नाहीत. थांबण्याने टळतो तो दुसरा धक्का, आणि तेवढाच आपल्या हातात असतो.

आता करायचं काय. खोका बंदच ठेवून आतल्या खोलीत न्या. जमिनीवर, विशेषतः थंड फरशीवर ठेवू नका. बाकावर, पलंगावर किंवा दोन उशांवर ठेवा म्हणजे सगळ्या बाजूंनी हवा फिरेल. ऊन, हीटर, एसीचा झोत आणि बाहेरची भिंत, चारही गोष्टींपासून लांब. असा खोका रात्रभर, म्हणजे किमान १२ तास राहू द्या. तुमच्याकडे फरक मोठा आहे म्हणून २४ तास धरा. नंतर खोका कापून केस बाहेर काढा, पण कडी उघडू नका. केस बंद स्थितीत आणखी ३-४ तास. मग कड्या उघडा, झाकण बोटभर उचलून मध्ये घडी केलेलं फडकं ठेवा आणि अर्धा तास सोडा. त्यानंतर पूर्ण उघडा. गिटार प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर ती पिशवी सगळ्यात शेवटी काढायची.

हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी, उन्हात ठेवणं, हे काहीही करायचं नाही. घाई करून एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली तर थांबण्याचा उपयोगच राहत नाही.

दवबिंदू

रंधा यांनी फिनिशचं सांगितलं. मला वाटतं पाणी धरण्याचा मुद्दा तितकाच मोठा आहे, आणि तो नायट्रोपुरता नाही, प्रत्येक गिटारीला लागू आहे.

दमट हवा गार वस्तूला लागली की त्या वस्तूवर दव जमतं. किती गार वस्तूवर जमेल हे दवबिंदूवरून कळतं. सोपा आडाखा असा: १०० मधून खोलीची आर्द्रता वजा करा, उरलं त्याला ५ ने भागा, आणि तो आकडा खोलीच्या तापमानातून वजा करा. खोली २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर ४० भागिले ५ म्हणजे ८; दवबिंदू साधारण १७ अंश. म्हणजे १७ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक भागावर पाणी धरणार. ५ अंशांवरची गिटार उघडली तर तारा, फ्रेट, खुंट्या, ब्रिज पिना (बॉडीवरच्या ब्रिजमध्ये तारा अडकवणाऱ्या), सगळं ओलं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हा आडाखा चांगला चालतो.

यात बाहेर थंडी असायलाच हवी असंही नाही. खोली २८ अंश आणि ७५ टक्के असेल तर दवबिंदू २३ अंशांवर जातो. एसीत २० अंशांवर ठेवलेलं वाद्य अशा खोलीत आणून उघडलं तरी त्यावर दव धरतं. म्हणून हिशेब ऋतूचा नव्हे, फरकाचा करायचा.

नुकसान कुठे होतं तेही सांगतो. बाहेरून पुसता येतं ते फारसं बिघडत नाही, तारा तेवढ्या लवकर गंजतात. वाईट असतं ते न दिसणारं पाणी: इलेक्ट्रिक गिटारीच्या पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या फिरत्या बटणाखालचा भाग), स्विचच्या पट्ट्यांवर, जॅकच्या आत, खुंट्यांच्या दात्यांवर. तिथे लगेच काही जाणवत नाही. काही महिन्यांनी व्हॉल्यूम फिरवताना खरखर सुरू होते. अकूस्टिकमध्ये तेच पाणी ब्रिजखालच्या पिकअपच्या जोडणीवर आणि आतल्या उघड्या, पॉलिश न केलेल्या लाकडावर बसतं.

प्लॅस्टिकची पिशवी शेवटी काढायची ती यासाठीच. दव धरलंच तर पिशवीच्या बाहेरून धरेल, ते पुसून टाका. पण काम झालं की पिशवी काढून टाका, गिटार त्यात कायमची ठेवू नका.

सहावी_तार

थोडा विरोध नोंदवतो. हे सगळं नायट्रोसाठी मान्य. पण आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक आणि मध्यम श्रेणीतल्या अकूस्टिक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. ते जास्त चिवट असतं, त्यावर असं चेकिंग क्वचितच होतं. गिब्सन आणि मार्टिनच्या बऱ्याच गिटारींवर अजून नायट्रो असतं, टेलरवर अतिनील प्रकाशात घट्ट केलेलं पॉलिएस्टर असतं. म्हणजे ब्रँड आणि मॉडेलचं फिनिश आधी बघा, मगच २४ तास म्हणा.

माझं मत असं: पॉली फिनिश आणि ५-६ अंशांपेक्षा कमी फरक असेल तर तासाभरात उघडा. पॉली आणि फरक १०-१५ अंश असेल तर ४ ते ६ तास, तेही फक्त दवासाठी. नायट्रो असेल तर रंधा म्हणतात तसंच. गिटार साध्या गिग बॅगेत आणि पातळ खोक्यात असेल तर ती लवकर गरम होते. हार्ड केस, बबल रॅप आणि कागदाचा भराव असेल तर उष्णता आत जायलाच वेळ लागतो, म्हणून तिथे जास्त.

रंधा

सहावी_तार, पूर्ण सहमत. २४ हा छापायला सोयीचा आकडा आहे. खोका बनवणाऱ्याला तुमच्या खोलीचं तापमान ठाऊक नसतं, म्हणून तो सगळ्यांना पुरेल असा आकडा छापतो.

मोजायचंच असेल तर लांब वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या. खोक्याच्या झाकणाच्या सांध्यातून सेन्सर केसला लागेल इतका आत सरकवा आणि फट टेपने बंद करा. आतलं आणि खोलीचं तापमान यांत २ अंशांपेक्षा कमी फरक राहिला की खोका कापायला हरकत नाही. केसच्या आतली गिटार तरीही थोडी मागे असते, म्हणून पुढचे ३-४ तास. इन्फ्रारेड थर्मामीटर इथे फसवतो: चकचकीत कडीवर किंवा क्रोमच्या खुंटीवर रोखला तर तो धातूचं नव्हे, खोलीच्या प्रतिबिंबाचं तापमान दाखवतो.

यंत्र नसेल तर केसची कडी आणि खोलीतली दुसरी एखादी धातूची वस्तू, समजा दाराची कडी, दोन्हींना आळीपाळीने हात लावा. केसची कडी जास्त गार लागली तर अजून थांबा.

खोकेबंद

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यासाठीच लोक घाईने खोका फाडतात.

खोका हातात येताच सहाही बाजूंचे फोटो काढा. दबलेले कोपरे, भोकं, ओलीचे डाग, पुन्हा चिकटवलेली टेप यांचे जवळून वेगळे फोटो. सही करताना जागा असेल तिथे ‘बाहेरचा खोका दबलेला, आतला माल तपासलेला नाही’ असं लिहा. त्याच वेळी विक्रेत्याला लेखी कळवा की वाद्य थंड असल्यामुळे उद्या अमुक वाजता उघडतो आहे, सोबत फोटो जोडा. तक्रारीची मुदत किती तासांची आहे हे माल यायच्या आधीच विचारून ठेवा. मुदत २४ तासांचीच असेल तर खोक्याचे किमान १२ तास आणि केसचे ३-४ तास त्यात सहज बसतात.

उघडताना सलग व्हिडिओ घ्या. न कापलेली टेप, पत्त्याचा कागद, मग कापणं, केस, आणि गिटार, मध्ये न थांबवता.

तपासायचं कुठे: सगळ्यात आधी नटच्या (नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) मागे, जिथे नेक संपून हेडस्टॉक मागे झुकतो. केसमध्ये बॉडी आणि नेकला आधार असतो, हेडस्टॉक मोकळा असतो. खोका आपटला की हिसका तिथेच बसतो. नखाने हलकेच चाचपा, केसासारखी रेष नखाला लागते का पाहा. मग नेकची टाच (नेक बॉडीला मिळतो तो भाग), ब्रिजची मागची कड, आणि अकूस्टिक असेल तर फोनचा कॅमेरा साउंडहोलमध्ये घालून आतल्या आडव्या पट्ट्या. बोटाच्या पेराने टॉपवर, म्हणजे वरच्या फळीवर, सगळीकडे टकटक करा. एखादी पट्टी सुटली असेल तर त्या जागी खुळखुळ ऐकू येते.

कोमल_निषाद

तारांबद्दल: गिटार गार असताना तारा सैलही करू नका, घट्टही करू नका.

स्टील लाकडापेक्षा जास्त आकसतं. त्यामुळे गार गिटारीचा स्वर चढलेला असतो आणि ती खोलीच्या तापमानाला येता येता उतरतो. २० अंशांच्या फरकाला पातळ तारेतसुद्धा ढोबळ हिशेबाने २० सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आसपास फरक पडतो. गार असतानाच सुरात लावली तर तासाभराने सगळं पुन्हा लावावं लागेल. १२-५३ च्या संचाचा पूर्ण सुरातला एकूण ताण ७० किलोच्या वर असतो, नायलॉनच्या तारांचा साधारण त्याच्या निम्मा. वाद्य या ताणासाठीच बनवलेलं असतं, तेव्हा नुसत्या गारठ्याने ब्रिज उपटेल ही भीती बाळगू नका.

तारा आधीच सैल करून पाठवल्या असतील तर गिटार उबदार झाल्यावर आधी सगळ्या तारा एक स्वर खाली लावा, काही तास जाऊ द्या, मग पूर्ण सुरात. सैल तारांनी नेक मागे कललेला असतो, त्यामुळे सुरुवातीला पहिल्या काही फ्रेटवर खडखड येईल. त्यावरून वाद्य खराब आहे असं समजू नका.

उलट परिस्थिती कुणी मांडली नाही म्हणून लिहितो: गिटार तापून आली तर? उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि गिटार जोडायला वापरतात तो पिवळा लाकडी गोंद ६५ अंशांच्या आसपास ढिला पडू लागतो. तारांचा ताण चालूच असतो, त्यामुळे ब्रिज मागून उचलला जातो किंवा नेकची टाच सरकते. थंडीपेक्षा मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण इथे नुसतं फिनिश जात नाही, जोड जातो. खोका हाताला चटका देण्याइतका गरम असेल तर सावलीत ठेवा, एसीच्या खोलीत लगेच नेऊ नका. इथे मात्र गिटार कोमट झाली की केस उघडून तारा दीड-दोन स्वर उतरवा. पूर्ण थंड झाल्यावर ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहा. कागद आत गेला तर सुरात लावू नका.

शेलॅकचं फ्रेंच पॉलिश असलेली क्लासिकल गिटार असेल तर अजून जपा. ते उष्णतेने मऊ होतं आणि केसच्या आतल्या मखमलीचा ठसा त्यावर उमटतो.

ओल_सुकं

धाग्यात सगळे तापमानाबद्दल बोलताहेत. ते तासांत जुळतं. लाकडातला ओलावा जुळायला दिवस आणि आठवडे लागतात, आणि नव्या गिटारींचे खरे बिघाड या दुसऱ्या मुदतीत होतात. दुसऱ्या दिवशी गिटार उघडून वाजवली, छान वाटली, आणि तीन आठवड्यांनी फ्रेटची टोकं हाताला बोचू लागली, तर त्यात कुरिअरचा दोष नसतो, खोली कोरडी असते.

गिटारीला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. ५० टक्क्यांच्या हवेत लाकडात साधारण ९ टक्के ओलावा राहतो, ३० टक्क्यांच्या हवेत ६ टक्के. स्प्रूसचा ४०० मिलिमीटर रुंदीचा टॉप एवढ्या बदलात मोकळा असता तर दीड मिलिमीटरच्या आसपास आकसला असता. पण तो कडेने आणि आडव्या पट्ट्यांना चिकटवलेला असतो, मोकळेपणाने आकसता येत नाही. म्हणून खाली बसतो, आणि फारच झालं तर तडकतो. जास्त ओलावा मिळाला तर उलट: ब्रिजमागे टॉप फुगतो, तारा वर जातात, आवाज दबतो.

थंड प्रदेशात हीटर लावलेली खोली का कोरडी पडते तेही पाहा. शून्य अंशावरची ८० टक्के आर्द्रतेची हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता २१ टक्क्यांच्या आसपास उरते. पाणी तेवढंच, पण उबदार हवेची तहान मोठी.

केसमध्ये सिलिका जेलची पुडी निघाली तर काढून टाका. १० ग्रॅमची पुडी जेमतेम २-३ ग्रॅम पाणी धरते. अकूस्टिकमधलं लाकूड दीड किलोच्या पुढे असतं आणि त्यातला ओलावा १ टक्क्याने बदलायला १५ ग्रॅमहून जास्त पाणी यावं-जावं लागतं. म्हणजे दमट हवेत ती पुडी कुचकामी. आणि कोरड्या हवेसाठी ओलावा देणारं-घेणारं ४९ टक्क्यांचं पाकीट ठेवलंत, तर ही पुडी त्याचंच पाणी पिऊन ते लवकर संपवते. दोन्ही एका केसमध्ये नकोत.

हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्याच, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, काही थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा. ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर तुमचं यंत्र ५ ने कमी दाखवतं, तेवढं मिळवत जा.

नवी_तार

खूपच उपयोगी. म्हणजे सेटअपही (नेक आणि तारांची उंची जुळवणं) लगेच करून घ्यायचा नाही?

सहावी_तार

नाही. खोलीची आर्द्रता ठीक असेल तर निदान एक आठवडा, फार कोरडी किंवा दमट असेल तर दोन-तीन आठवडे ट्रस रॉडला (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवणारी सळई) हात लावू नका. नेक अजून हलतोच आहे; आज जुळवलेलं पुढच्या आठवड्यात उलटं फिरवावं लागेल.

वाजवायला मात्र काहीच हरकत नाही. रोज सुरात लावा, त्यानिमित्ताने किती हलतेय तेही कळतं. सगळ्या तारा एकदम चढल्या किंवा उतरल्या तर ते तापमान-ओलावा. एकच तार सारखी उतरत असेल तर ती खुंटीवर नीट गुंडाळलेली नाही.

आठवड्यानंतर पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर जाड ई तार दाबा आणि ७-८ व्या फ्रेटवर तारेखालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. अकूस्टिकला ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर रॉड आहे तसा राहू द्या. जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने अष्टमांश फेरा, पुन्हा सुरात लावा, दुसऱ्या दिवशी मोजा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको. त्यानंतरच १२ व्या फ्रेटवरची उंची: जाड ई २.४ आणि पातळ ई १.८ मिलिमीटरच्या आसपास. खोगीर (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासायचं असेल तर सगळ्यात शेवटी, कारण घासलेलं परत येत नाही.

फिलामेंट

सोबत अँप्लिफायर येत असेल तर त्यालाही हेच नियम, आणि जरा कडक. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये शेकडो व्होल्ट खेळत असतात, आत दव असताना चालू करू नका. खोलीत आणल्यावर २४ तास बंद ठेवा, मागची जाळी कोरडी आणि उबदार लागली की मगच वायर लावा. बॅटरीवर चालणारा छोटा अँप असेल तर शून्याखाली गेलेली लिथियम बॅटरी गार असताना चार्ज करू नका. गिटारीतल्या प्रीअँपची (पिकअपचा आवाज वाढवणारं छोटं सर्किट) ९ व्होल्टची बॅटरी गारठ्यात कमी दाखवते, ती उबदार झाल्यावर तपासा.

नवी_तार

शेवटचं एक. उघडल्यावर टॉपवर बारीक रेष दिसलीच, तर ती लॅकरची की लाकडाची हे कसं ओळखायचं?

रंधा

टॉर्च जवळजवळ आडवा धरून, पृष्ठभागाला चिकटून जाणाऱ्या प्रकाशात पाहा. लॅकरच्या भेगा साधारणपणे एकट्या नसतात, आसपास तशाच आणखी दोन-चार निघतात, आणि लाकडाच्या रेषांना छेदून जातात. लाकडाची भेग बहुधा एकटी असते आणि रेषेच्या बरोबरीने, बहुतेकदा ब्रिजपासून खाली किंवा फिंगरबोर्डच्या कडेने जाते. खात्री करायला छोटा आरसा आणि दिवा साउंडहोलमधून आत घाला. तीच रेष आतून दिसली तर लाकूड तडकलं आहे.

लॅकरची असेल तर फोटो काढून विक्रेत्याला पाठवा, आणि त्यावर पॉलिश अजिबात लावू नका, विशेषतः सिलिकॉनवालं. ते भेगेत शिरलं की पुढे कुणालाही तिथे लॅकर नीट बसवता येत नाही. लाकडाची असेल तर तारा उतरवा, भेग दाबून पाहू नका, घरचा गोंद घालू नका. दुरुस्त करणारा कारागीरसुद्धा आधी गिटार आठवडा-दोन आठवडे ४५-५० टक्के आर्द्रतेत ठेवेल, भेग आपण होऊन मिटत आली की मगच गोंद भरेल आणि आतून छोटे ठोकळे लावेल.